ओलांडलेली हद्द : एका इंग्रजी शब्दाचा अभ्यास

वाचावयाचे शास्त्रपाठ : मत्तय ६:९-१५ व १८:१५-३५, लूक ११:१-४, लेवीय ६:१-७, अनुवाद १९:१४.

गोदावरीकाठच्या एका लहानशा मंडळीचे सेवक सुगी आटोपल्यावर आम्हांस भेटावयास आले होते. बोलता बोलता त्यांनी एक शंका पुढे मांडिली. त्यांचा मुलगा तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत शिकतो. एका रविवारी तो शहरातील प्रार्थनामंदिरात इंग्रजी उपासनेस बसला असता प्रभूच्या प्रार्थनेत ‘ट्रेसपासेस’ हा शब्द त्याच्या कानी पडला. घरी परतताना स्टेशनाजवळच्या कुंपणावर फलक होता. त्यावर तोच शब्द, आणि रेल्वेच्या हद्दीत शिरणाऱ्यास शिक्षा होईल अशी ताकीद. घरी येऊन त्याने बापास विचारिले, “बाबा, इंग्रजीत प्रार्थना करणारे लोक देवाजवळ रूळ ओलांडल्याची क्षमा मागतात काय? आपण तर ऋण म्हणतो. मग प्रभूने शिकविले ते कोणते?”

सेवक आम्हांस म्हणाले, “गुरुजी, पोराला मी गप्प केले खरे, पण माझ्या मनाला मी गप्प करू शकलो नाही.”

मुलाची शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. ज्या शब्दांनी आपण क्षमा मागतो, ते आपण समजून उच्चारितो की पाठ म्हणून दाखवितो, असा तिचा रोख आहे. म्हणून आज आम्ही ह्या एका शब्दाचा इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहो. तो परक्या भाषेचा असला तरी त्यात आपणांस शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

१. त्यापूर्वीचे शब्द

इंग्लंडात सुमारे हजार वर्षांपूर्वी जी जुनी इंग्रजी बोलत, तीत ‘ट्रेसपास’ हा शब्द नव्हताच. त्या काळी शुभवर्तमानांचे जे भाषांतर झाले, त्यात मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील ह्या मागणीच्या ठिकाणी ‘गिल्त’ हा शब्द आढळतो. आज इंग्रजीत ‘गिल्ट’ म्हणून जो शब्द चालतो, तो हाच. परंतु आज त्याचा अर्थ दोषीपणा, किंवा मनाला लागलेली टोचणी, असा होतो. त्या वेळी तो प्रत्यक्ष घडलेल्या कृत्यास लावीत. कृत्याचे नाव हळूहळू मनःस्थितीचे नाव झाले. उत्तरेकडील एका जुन्या पोथीत लॅटिन ओळींच्या मध्ये इंग्रजी अर्थ लिहिलेले आहेत. तीत ह्याच जागी ‘शिल्द’ असा शब्द आहे. जर्मन भाषेत त्याच कुळातील ‘शुल्ड’ हा शब्द आजही कर्ज आणि दोष ह्या दोहोंस चालतो. कर्ज व अपराध ही जोडी मत्तयाने एकट्यानेच जोडिलेली नव्हे. अनेक लोकांच्या जिभेवर ती पूर्वीपासून होती, हे ह्यावरून ध्यानात येईल.

२. शब्दाचा जन्म

सन १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकिले. तेव्हापासून दरबारात, कचेरीत व वरिष्ठ लोकांच्या घरांत फ्रेंच भाषा शिरली, आणि तिच्यासंगे शेकडो शब्द इंग्रजीत आले. त्यांतच ‘ट्रेसपास’ हा एक होय. लॅटिनमधील ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, आणि ‘पासुस’ म्हणजे पाऊल. ह्यांच्या जोडणीतून ‘पलीकडे पाऊल टाकणे’ असा अर्थ निघाला. फ्रेंच भाषेत ह्या क्रियापदाचा आणखी एक अर्थ झाला, तो मरणे. ह्या लोकातून पलीकडे गेला तो मेला. आजही फ्रेंच लोक मृत्यूस गंभीर भाषेत ‘त्रेपा’ म्हणतात. म्हणजे खाडीच्या अलीकडे ज्या शब्दाने पाप दाखविले, पलीकडे त्याच शब्दाने मरण दाखविले. पाप आणि मरण ह्यांचा संबंध पौलाने रोमकरांस समजावून सांगितला आहे. येथे मात्र हा केवळ भाषेचा योगायोग आहे. त्यावर कोणी सिद्धांत बांधू नये.

इंग्रजीत हा शब्द सुमारे १३०० सालापासून लेखांत दिसू लागतो. आरंभी त्याचा अर्थ व्यापक होता. देवाची आज्ञा मोडणे, राजाचा नियम मोडणे, शेजाऱ्याचे वाईट करणे, हे सर्व त्यात येई. जमिनीचा त्याच्याशी विशेष संबंध नव्हता.

३. राजाच्या न्यायासनापुढे

त्याच सुमारास, तेराव्या शतकात, राजाच्या न्यायालयांत ‘ट्रेसपास’ नावाची फिर्याद सुरू झाली. कोणी कोणास मारिले, कोणी कोणाचा बैल ओढून नेला, कोणी कोणाच्या शेतात बळाने शिरला, तर पीडलेल्या माणसाने राजाकडे जाऊन म्हणावे की, अमुकाने शस्त्रबळाने आणि राजाची शांतता भंगून माझे नुकसान केले आहे. ह्या फिर्यादीचे तीन प्रकार होते: अंगाविषयी, मालाविषयी व जमिनीविषयी. तिघांचे नाव एकच. ह्यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, अन्याय शेजाऱ्यावर झालेला असे, पण भंग राजाच्या शांततेचा झाला असे मानीत. खेड्यातील दोघांच्या भांडणात तिसरा, सर्वांत मोठा पक्ष राजा असे. आपण शेजाऱ्यावर करितो तो अन्याय देवाविरुद्धही असतो, हे शिकविताना सेवकांस हा दाखला उपयोगी पडेल.

कालांतराने पहिल्या दोन प्रकारांस लोकांच्या बोलण्यात दुसरी नावे मिळाली, आणि ‘ट्रेसपास’ हा शब्द तिसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे जमिनीकडे, झुकत गेला. पंधराव्या शतकापासून ‘दुसऱ्याच्या जागेत अनधिकाराने शिरणे’ असा त्याचा अर्थ लेखांत दिसतो.

४. शास्त्राच्या भाषांतरांत

आता मुलाच्या मुख्य शंकेकडे येऊ. मूळ ग्रीक शास्त्रात ह्या प्रार्थनेच्या संबंधाने तीन निरनिराळे शब्द आहेत. मत्तय ६:१२ मध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ ऋण, देणे. त्याच अध्यायाच्या चौदाव्या व पंधराव्या ओवींत प्रभु त्या मागणीचा खुलासा करितो, तेथे दुसरा शब्द आहे. त्याचा धात्वर्थ बाजूस पडणे, पाऊल चुकणे. आणि लूक ११:४ मध्ये तिसरा शब्द आहे, तो पापासाठी नेहमी येणारा. त्याचा जुना अर्थ नेम चुकणे. आपल्या मराठी शास्त्रात ह्या तिन्ही जागी अनुक्रमे ऋण, अपराध व पाप असे शब्द घातले आहेत. म्हणजे मराठी वाचकास मूळचा भेद जसाच्या तसा दिसतो, ही कृतज्ञतेची गोष्ट आहे.

इंग्रजीत मात्र निराळे घडले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस वायक्लिफ व त्याचे सोबती ह्यांच्या भाषांतरात मत्तयातील शब्द ‘डेट’, म्हणजे ऋण, असाच होता. विल्यम टिंडल ह्याने १५२६ साली ग्रीकवरून केलेला नवा करार छापून काढिला. त्याने मात्र त्याच ओवीत ‘ट्रेसपासेस’ हा शब्द योजिला. दहा वर्षांनी, १५३६ साली, टिंडलला पाखंडी ठरवून गळा दाबून मारिले व त्याचे प्रेत जाळिले. परंतु हा शब्द टिकला. १५४९ साली इंग्लंडच्या मंडळीचा पहिला इंग्रजी प्रार्थनासंग्रह निघाला, त्यात ‘ट्रेसपासेस’ हाच शब्द आला, आणि १६६२ च्या संग्रहातही तो कायम राहिला. इकडे १६११ साली राजा जेम्स ह्याच्या आज्ञेने झालेल्या भाषांतरात मत्तयाच्या बाराव्या ओवीत पुनः ‘डेट्स’ आले, व चौदाव्या ओवीत ‘ट्रेसपासेस’ राहिले. परिणाम असा झाला की, पुस्तकात वाचावयाचा शब्द एक आणि गुडघे टेकून म्हणावयाचा शब्द दुसरा. लोकांनी पाठ केलेला शब्द सोडिला नाही. मुखात बसलेली प्रार्थना छापलेल्या पानापेक्षा बळकट असते, हे ह्यावरून दिसते.

स्कॉटलंडच्या प्रेस्बितेरियन लोकांनी शास्त्रातील शब्द धरिला. १६४७ च्या त्यांच्या लघु प्रश्नोत्तरावलीत ‘डेट्स’ आहे. इंग्लंडच्या मंडळीने, व तिच्यातून निघालेल्या मेथडिस्ट लोकांनी ‘ट्रेसपासेस’ धरिला. १९८८ साली निरनिराळ्या मंडळ्यांच्या विद्वानांनी इंग्रजी उपासनेसाठी जो सामाईक पाठ प्रसिद्ध केला, त्यात लूकाप्रमाणे ‘सिन्स’, म्हणजे पापे, हा शब्द घेतला आहे. म्हणून आजही निरनिराळ्या पंथांचे लोक एकत्र जमून इंग्रजीत ही प्रार्थना म्हणू लागले की, येथपर्यंत सर्वांचा सूर एक असतो आणि ह्या ओळीशी येताच तो फुटतो. कोणी लवकर थांबतो, कोणी मागून येतो. ज्या ओळीत एकमेकांस क्षमा करावयाची, तिच्याशीच पाऊल अडखळावे, ह्याचे नवल वाटते!

तर मुलास उत्तर असे द्यावे: बाळा, तिन्ही शब्द शास्त्रातले आहेत. एकच गोष्ट तीन बाजूंनी दाखविली आहे. जे द्यावयाचे होते ते दिले नाही, म्हणून ऋण. जेथे जावयाचे नव्हते तेथे पाऊल पडले, म्हणून अपराध. जे साधावयाचे होते ते हुकले, म्हणून पाप.

५. शब्द आकसला कसा

मग फलकावरचा अर्थ आला कोठून? शब्दांचेही माणसांसारखे होते. कोणी वाढतो, कोणी आकसतो. आपल्याकडे ‘तेल’ म्हणजे मूळचे तिळाचे. आज शेंगदाण्याचे व करडईचेही तेलच. हा शब्द वाढला. ‘मृग’ म्हणजे संस्कृतात कोणताही रानपशू. आज केवळ हरिण. हा शब्द आकसला. ‘ट्रेसपास’ हा मृगाच्या वाटेने गेला.

ह्याची साक्ष इंग्लंडचा प्रसिद्ध कायदेपंडित ब्लॅकस्टन ह्याच्या ग्रंथात मिळते. त्याच्या ग्रंथाचा तिसरा भाग १७६८ साली निघाला. त्यात तो सांगतो की, ह्या शब्दाचा विस्तृत अर्थ घेतला तर निसर्गाच्या, समाजाच्या वा देशाच्या नियमाविरुद्ध झालेले कोणतेही उल्लंघन त्यात येते. परंतु संकुचित अर्थाने परवानगीवाचून दुसऱ्याच्या जमिनीवर जाणे एवढेच. म्हणजे त्या वेळी दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते. त्याच्या तीन वर्षे आधी, १७६५ साली, एक मोठा खटला झाला होता. राजाच्या मंत्र्याचे शिपाई एका लेखकाच्या घरात शिरले व कुलुपे फोडून त्याचे कागद घेऊन गेले. न्यायाधीश कॅम्डन ह्यांनी निर्णय दिला की, कायद्याने दिलेला अधिकार नसता राजाचा मनुष्यही दुसऱ्याच्या घरात शिरला तर तो अपराधीच. नुकसान झाले नसले तरीही. असा हा शब्द दुर्बळाचे कुंपणही होता.

परंतु तो नेहमीच दुर्बळाच्या बाजूस राहिला नाही. १७५० पासून पुढील शंभर वर्षांत इंग्लंडच्या पार्लमेंटने सुमारे ४००० कायदे करून गावोगावच्या सामाईक जमिनी कुंपणांत घालण्यास संमती दिली. आपल्या गायरानासारख्या ज्या जागी गरिबाची गाय चरत असे व त्याची मुले सरपण गोळा करीत, तेथे कुंपण व फाटक आले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटेने चालणारा मनुष्य एका दिवसात ‘ट्रेसपासर’ ठरला. त्याचे पाऊल होते तेथेच होते. सरकली होती ती हद्द.

शास्त्राच्या भाषांतरकारांसही हा बदल जाणवला असावा. मत्तय १८:१५ मध्ये, भावाने अपराध केला तर काय करावे हे सांगताना, १६११ च्या भाषांतरात ‘ट्रेसपास’ हे क्रियापद होते. १८८१ च्या सुधारलेल्या नव्या करारात त्याऐवजी ‘सिन’ घातले. लेवीयाच्या पुस्तकातील दोषार्पणास १६११ मध्ये ‘ट्रेसपास’चे अर्पण म्हटले होते, १८८५ च्या सुधारलेल्या जुन्या करारात ‘गिल्ट’चे अर्पण म्हटले. ज्या जुन्या शब्दाची जागा ‘ट्रेसपास’ने घेतली होती, तोच शब्द येथे पुनः परत आला.

आज इंग्रजी बोलणारा मनुष्य हा शब्द पापासाठी प्रार्थनेबाहेर क्वचितच वापरितो. कोणाचा फार वेळ घेतला तर ‘मी आपल्या वेळेवर ट्रेसपास केला’ असे सभ्यपणे म्हणतो, आणि कुंपणावर फलक लावितो. त्या फलकाविषयीही एक गंमत आहे. शिरणाऱ्यावर खटला भरला जाईल असे त्यावर लिहितात. परंतु इंग्लंडात नुसते दुसऱ्याच्या जमिनीवर जाणे हा सामान्यतः फौजदारी गुन्हा नव्हे, तो दिवाणी दावा होय. म्हणून असल्या फलकांस तेथील लोक ‘लाकडी थाप’ म्हणत आले आहेत.

६. डोंगरावरील पाऊलवाट

ह्या शब्दाच्या इतिहासात १९३२ साली एक निराळेच वळण आले. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात किंडर स्काऊट नावाचे उंच माळरान आहे. जमीनदार लोक तेथे पक्ष्यांची शिकार करीत, व इतरांस चालण्यास मनाई असे. मँचेस्टर व शेफील्ड येथील गिरण्या-कारखान्यांतील मजुरांस आठवड्याच्या सुट्टीस मोकळी हवा हवी होती. २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे ४०० माणसे, बेनी रॉथमन नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढाकाराने, त्या डोंगरावर चढली. तिला त्यांनी उघडपणे ‘सामुदायिक ट्रेसपास’ असेच नाव दिले. रखवालदारांशी झटापट झाली, व पाच जणांस दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. पण ती दंगल व मारहाण ह्या आरोपांखाली. कारण ‘ट्रेसपास’ हा गुन्हाच नव्हता!

पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ साली तोच डोंगराळ प्रदेश ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला, आणि २००० सालच्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील अशा मोकळ्या माळरानांवर पायी फिरण्याचा हक्क लोकांस मिळाला. २००२ साली, ह्या गोष्टीस सत्तर वर्षे झाली तेव्हा, डेव्हनशायरचे ड्यूक लोकांसमोर आले. १९३२ साली ती जमीन त्यांच्याच घराण्याची होती. आपल्या घराण्याने केले ते लाजिरवाणे होते, असे त्यांनी जाहीरपणे कबूल करून क्षमा मागितली.

वाचकहो, येथे क्षण थांबावे. ज्यांस ‘ट्रेसपासर’ म्हटले होते त्यांच्यापुढे जमिनीचा मालक क्षमा मागतो. फलक कोणी लाविला ह्यावरून अपराधी कोण हे ठरत नाही, असे ही गोष्ट शिकविते. गावच्या विहिरीवर, रस्त्यावर, देवळाच्या दारात ‘तुझी हद्द येथवर’ असे ज्यांच्या वाडवडिलांस ऐकावे लागले, त्यांस हे अधिक फोडून सांगण्याची गरज नाही.

७. आपल्या भाषेतील साठा

आता आपल्या घरात पाहू. आपल्या भाषेत ‘अतिक्रमण’ शब्द आहे. अति म्हणजे पलीकडे, आणि क्रम म्हणजे पाऊल टाकणे. लॅटिनमधील घडण व ही घडण हुबेहूब सारखी! आणि गतीही सारखीच झाली. पूर्वी नियमाचे, आज्ञेचे, मर्यादेचे अतिक्रमण असे म्हणत. आज अतिक्रमण म्हटले की सरकारी जागेवरील टपरी आणि ती हटविणारे पथक डोळ्यांपुढे येते. ‘अपराध’ ह्या शब्दाच्या संस्कृत मुळाचा एक अर्थ नेम चुकणे असा आहे. ज्याचा बाण लक्ष्यास लागत नाही अशा धनुर्धाऱ्यास त्यावरूनच नाव आहे. लूकातील ग्रीक शब्दाशी ह्याचे किती साम्य! आपली ‘चूक’ही तशीच. वाट चुकते, नेम चुकतो, वेळ चुकते. कोणाचे ‘पाऊल वाकडे पडले’ असे म्हातारी माणसे म्हणतात, तेव्हा मत्तयाच्या चौदाव्या ओवीतील शब्दाचाच त्या नकळत अर्थ सांगत असतात. आणि फारच झाले म्हणजे आपण म्हणतो, “आता हद्द झाली!”

कायद्यातही हा शब्द आपल्या गावी पोहोचला आहे. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याने, दुसऱ्याच्या पिकात शिरलेली गुरे कोंडवाड्यात घालण्याची रीत ठरविली. १८६० च्या दंडसंहितेत, व तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२९ व्या कलमात, फौजदारी अतिक्रमणाची व्याख्या आहे. तेथे नुसते शिरणे पुरेसे नाही. गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. मनुष्याचा कायदाही पावलाच्या मागे असलेले मन पाहतो. मग देव पाहत नाही काय?

‘ऋण’ ह्या शब्दाविषयी तर बोलावयासच नको. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आणि आसपास शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळिले, इतके ते ओझे असह्य झाले होते. ज्या प्रदेशात ऋण हा शब्द असा भोगलेला आहे, तेथे प्रार्थनेतील ती मागणी समजावून सांगण्यास मोठे पांडित्य नको.

तथापि सेवकांस एक सावधगिरीची सूचना करितो. शब्दाचे मूळ सांगून उपदेश रंगतो खरा. पण मूळ म्हणजे अर्थ नव्हे. तेल शब्दात तीळ आहे म्हणून कोणी करडईचे तेल ओतून देत नाही. शब्दाचा अर्थ लेखकाने तो कोठे व कसा योजिला ह्यावरून ठरवावा, आणि मुळाचा उपयोग दिव्यासारखा करावा, पायासारखा करू नये.

८. बांधाची गोष्ट

हे सर्व ऐकून सेवक काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “गुरुजी, मी पोराचे नाव पुढे केले, पण दुखणे मंडळीत आहे.” आणि त्यांनी सांगितले ते असे. त्यांच्या मंडळीत दोन चुलतभाऊ आहेत. दोघांच्या शेतांमध्ये एक बांध. थोरला दर वर्षी नांगरताना बांध थोडा थोडा कोरीत गेला. एका वर्षी चार बोटे, दुसऱ्या वर्षी चार बोटे. धाकट्याने दोनदा सांगितले. थोरल्याने हसून टाळिले. तेव्हापासून धाकटा उपासनेस येई, गीते गाई, पण प्रभूची प्रार्थना सुरू झाली की ह्या एका ओळीशी ओठ मिटून घेई. सेवकांनी कारण विचारिले, तेव्हा तो म्हणाला, “सोडले नाही ते सोडले असे देवापुढे कसे म्हणू?”

आम्हांस वाटते, त्या मंडळीत ती ओळ सर्वांत अधिक समजलेला मनुष्य तोच होता.

सेवकांनी आम्हांस विचारिले की, धाकट्यास क्षमा करावयास सांगावे की नाही. आम्ही म्हणालो, आधी थोरल्याकडे जा. लेवीयाच्या सहाव्या अध्यायात, ज्याने शेजाऱ्याचे फसवून वा बळाने घेतले त्याने काय करावे हे सांगितले आहे. ज्या दिवशी अर्पण आणावयाचे त्याच दिवशी त्याने घेतलेली वस्तू परत करावी, आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा. मग याजकापुढे यावे. अनुवादात शेजाऱ्याच्या हद्दीची खूण सारण्यास मनाई आहे. जक्कयाने चौपट परत करण्याचे कबूल केले. क्षमा म्हणजे बांध होता तेथेच कोरलेला राहू देणे नव्हे. दुर्बळास ‘सोडून दे’ म्हणावयाचे आणि बलवानास काहीच म्हणावयाचे नाही, असा उपदेश करणारा सेवकही एक हद्द ओलांडितो.

पुढे आम्हांस पत्र आले. सेवक व दोन वडील थोरल्याच्या घरी तीन वेळा गेले. पहिल्या दोन वेळा त्याने चहा पाजून परत पाठविले. तिसऱ्या वेळी त्याच्या आईने भिंतीआडून म्हटले, “तुझ्या बापाने लाविलेला दगड कुठे आहे तो मला ठाऊक आहे, मी दाखवू का?” सरकारी मोजणी झाली, दगड जुन्या जागी आला. पिकाची भरपाई अजून अर्धीच झाली आहे. दोन्ही घरांचे एकमेकांकडे जेवणखाण सुरू झालेले नाही. परंतु गेल्या महिन्यातील एका रविवारी, त्या ओळीशी येताच, धाकट्याने हळू आवाजात ती म्हटली. आणि त्याच्या पुढल्या रांगेत बसलेल्या थोरल्याची मान खाली होती. सेवक लिहितात, “पोराने मला खुणावून विचारिले, ‘बाबा, ह्यालाच ट्रेसपास म्हणतात का?’ मी म्हणालो, होय.”

सारांश, एका शब्दाने सातशे वर्षांत मोठी वाट चालून पाहिली. तो पलीकडे पडलेल्या पावलापासून निघाला, राजाच्या न्यायासनापुढे उभा राहिला, शास्त्रात व प्रार्थनेत शिरला, आणि शेवटी कुंपणावरच्या फलकावर येऊन बसला. शब्द आकसला म्हणून अपराध आकसत नाही. आपण मात्र हे पाहावे की, आपल्या मनातील त्या शब्दाचा अर्थ आकसून ‘दुसऱ्याने माझ्या हद्दीत टाकलेले पाऊल’ एवढाच उरला आहे काय. प्रभूने प्रार्थना शिकविली तेव्हा आपल्या पावलांचा हिशेब आधी ठेविला आहे.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. ऋण, अपराध व पाप हे तीन शब्द तुमच्या गावच्या व्यवहारातील कोणत्या तीन दाखल्यांनी समजावून द्याल?
२. राजाच्या शांततेचा भंग ही कल्पना शेजाऱ्याविरुद्धच्या अपराधास कशी लागू पडते?
३. किंडर स्काऊटच्या गोष्टीत हद्द कोणी ओलांडिली? तुमचे मत कारणांसह सांगा.
४. लेवीय ६:१-७ प्रमाणे परत करणे आणि क्षमा मागणे ह्यांत आधी काय येते?
५. तुमच्या बांधावरील दगड त्याच्या जागी आहे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर वर्गात देऊ नये. घरी जाऊन द्यावे.